आतली कडी

मिस्त्रीने आपल्या घरातलं नवं बाथरूम दाखवलं नाही असा माणूस त्या गल्लीत शोधूनही सापडला नसता. दूधवाल्याला दाखवलं, शेगडी दुरुस्त करायला आलेल्याला दाखवलं, समोरच्या घरी आलेल्या पाहुण्यांना तर हाताला धरून आणून दाखवलं. गिऱ्हाइकांना दाखवणं हा तर धंद्याचाच भाग. उभा जन्म लोकांची बाथरूमं बांधण्यात गेला, पण असं काम आपल्या हातून पूर्वी झालं नव्हतं, असं तो म्हणायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दारात उंबरा नाही. सगळ्या फरशीला कोपऱ्यातल्या जाळीकडे इतका अलगद उतार, की डोळ्याला कळत नाही पण पाण्याला कळतो. फरशी खरखरीत, ओल्या पायाखाली न सटकणारी. समोरच्या भिंतीला घडीचं आसन; खाली पाडलं की बसावं, उचललं की भिंतीला चिकटतं. शेजारच्या भिंतीवर आधाराचा जाड दांडा, तिथेच नळ आणि हातात धरायचा शॉवर. दार बाहेर उघडणारं, कारण आत कोणी पडलं आणि दाराला टेकलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. एवढं सांगून झालं की मिस्त्री चपला काढून आत जायचा, कपड्यांनिशी आसनावर बसायचा, दांडा धरून उठायचा, परत बसायचा.

"बघा! म्हातारा असो, पाय अधू असो, राजासारखी अंघोळ!"

"आणि वहिनी काय म्हणतात?" कोणी ना कोणी विचारायचंच.

"एकदम खूश," मिस्त्री म्हणायचा.

हे मात्र साफ खोटं होतं. बाथरूम तयार होऊन दोन आठवडे उलटले होते, आणि ज्या बाईसाठी ते बांधलं ती त्याची बायको एकदाच आत जाऊन कोरडी बाहेर आली होती. गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणायचे. रोज सकाळी टेलरबाई "आज नको" म्हणायची, शिवणाच्या खोलीत कोमट पाण्याची बादली मागवून घ्यायची, पडदा ओढायची आणि ओल्या फडक्याने अंग पुसायची. नवरा रोज राजासारखी अंघोळ करत होता आणि राणी फडक्यावर होती.

वर्षाच्या सुरुवातीला टेलरबाईला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू थोडा परत आला, काठी धरून ओढत का होईना ती चालायला लागली. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. बोलणं परत आलं, पण तुटक. पूर्वी गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ती सबंध गल्लीच्या बातम्या सांगायची. आता सुईत दोरा ओवावा तसा एकेक शब्द ओवून बोलायची. त्यामुळे वायफळ काही उरलंच नव्हतं. जे बोलायची ते नेमकं.

जुन्या बाथरूमला वीतभर उंच उंबरा होता, मिस्त्रीनेच हौसेने बांधलेला. तो ओलांडायचा म्हणजे तिला उचलून न्यावं लागे. मिस्त्री न्यायला लागला. ज्या माणसाला स्वतःचा टॉवेल घरात कुठे असतो हे ठाऊक नव्हतं, तो बायकोला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून अंघोळ घालू लागला. पाणी किती कोमट, केस कसे धरायचे, पायाच्या बोटांमधली जागा कशी कोरडी करायची, सगळं शिकला. परगावी असलेल्या मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, एखादी बाई ठेवूया का?" तर उसळून म्हणाला, "कशाला? मी मेलोय का?" खरं सांगायचं तर त्याला ते आवडायला लागलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात बायको त्याच्या वाट्याला एवढी कधी आलीच नव्हती. पाणी घालताना तो अखंड बोलत असायचा. कुठलं काम अडलंय, कुठला फरशीवाला कामचुकार आहे, कोणाच्या घरी पाणी मुरतंय. ती डोळे मिटून बसायची. साबण जाऊ नये म्हणून मिटते, असं तो समजत होता.

मग एकदा केस पुसून घेताना ती म्हणाली, "मला... एकटीला करायचीय... अंघोळ."

मिस्त्री हुरळून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने घण आणला आणि आपल्याच हातचा उंबरा आपल्याच हाताने फोडला. हातातली दोन कामं बाजूला ठेवली, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि घरात महिनाभर सिमेंटची धूळ उडवून ते बाथरूम उभं केलं.

पहिल्या दिवशी तो तिच्याबरोबर आतच उभा राहिला होता. "कर की तू. मी नुसता बघतो." ती आसनावर बसली. डावा हात हवेत जरासा फिरला. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग बराच वेळ दाराकडे बघत राहिली. आणि म्हणाली, "आज नको."

तेव्हापासून आज नकोच चाललं होतं. मिस्त्री मनातल्या मनात धुमसत होता. कमरेचा काटा ढिला होईपर्यंत आपण राबलो आणि हिचं हे असं! तोंडाने तो तिला काही बोलला नाही, पण बाथरूम दाखवताना त्याचा आवाज जरा जास्तच चढायला लागला. शिवणाच्या खोलीपर्यंत पोचेल इतका.

त्या दिवशी एक गिऱ्हाईक आपल्या आईला घेऊन आलं. आई काठी टेकत चालणारी, जीभ मात्र धावणारी. मिस्त्रीने नेहमीप्रमाणे उतार दाखवला, जाळी दाखवली, आसनावर बसून उठून दाखवलं. "राजासारखी..." म्हणेपर्यंत म्हातारीने काठीनेच त्याला खूण केली.

"तू ऊठ. मी बसून बघते. अंघोळ मला करायचीय, तुला नाही."

ती बसली. उजव्या हाताने दांडा धरून उठली, पुन्हा बसली, शॉवर हातात घेऊन बघितला.

"चांगलंय," ती म्हणाली. "सगळं उजव्या हाताशी आहे. माझा उजवा अजून धड आहे म्हणून बरं. तुझ्या बायकोचाही उजवाच चालतो का?"

"नाही, तिचा उजवा गेला. डावा चालतो."

"मग हे कोणासाठी लावलंस?"

"डावीकडेच लावलंय की!" मिस्त्रीने दारात उभं राहून बोट दाखवलं. "ही काय डावी भिंत."

म्हातारीने बसल्या जागेवरून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू तिथे उभा आहेस म्हणून डावी. तुझी बायको दारात उभी राहून अंघोळ करते का रे?"

तिचा मुलगा फिस्सकन हसला. मिस्त्रीचं बोट तसंच हवेत राहिलं. खोली दारातून बघायची, दारात उभं राहून मनात सगळं मांडायचं, ही सवय त्याच्या हाडीमाशी खिळलेली. बायकोचा डावा हात चालतो म्हणून त्याने सगळं डावीकडे घेतलं होतं, दारातून बघून. आणि आसनावर बसून बघितलं तेव्हा त्याचा स्वतःचा उजवा हात आपसूक दांड्यावर गेला होता. त्याला कधी काही अडलंच नाही, म्हणून त्याला कळलंही नाही.

म्हातारी उठून बाहेर आली, आणि जाता जाता तिने दार पुढेमागे करून बघितलं. "आणि कडी कुठंय?"

"मुद्दामच नाही लावली. आत कोणी पडलं, काही झालं, तर..."

"अस्सं!" म्हातारी म्हणाली. "मग दार तरी कशाला लावलंस? तेवढंच लाकूड वाचलं असतं."

विचार करून कळवतो, असं सांगून मायलेक गेले. मिस्त्री बराच वेळ त्या उलट्या बाजूच्या दांड्याकडे बघत उभा राहिला. कोणी थोबाडीत मारावी तसे त्याचे कान तापले होते. मग तो तरातरा शिवणाच्या खोलीत गेला.

टेलरबाई टेबलाशी बसली होती. डाव्या हातात कात्री, समोर जुन्या चादरीचा तुकडा. डाव्या हाताने सरळ रेघेत कापायचा तिचा सराव चालला होता आणि रेघ सारखी भरकटत होती. आतलं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं हे तिच्या तोंडावरूनच दिसत होतं.

"सांगायचं नाही का?" मिस्त्री म्हणाला. "दांडा उलट्या बाजूला आहे, एवढं सांगायला काय झालं होतं?"

तिने कात्री खाली ठेवली. "सांगणार... कधी? रोज कोणीतरी... आत असतं."

त्याने टेबलावरचा मापाचा टेप उचलला आणि परत खाली ठेवला.

"मापं... कोणाची घेतली?" तिने विचारलं.

"कोणाची म्हणजे? मीच बसून बघितलं की."

"मी कधी... माझ्या अंगावर माप घेऊन... गिऱ्हाइकाचा शर्ट शिवला?"

मिस्त्री समोरच्या स्टुलावर बसला. दांडा काय, शॉवर काय, उद्याच्या उद्या दुसऱ्या भिंतीवर नेतो, म्हणाला. चांगल्या फरशीला भोकं पडतील, पडू देत.

"ते होईल," ती म्हणाली. "कडी... लावा."

"कडीचं नाव काढू नकोस."

"कडी लावा."

"आणि आत पडलीस तर?"

"पडेन."

"काय पडेन! तोंड वर करून सांगतेस!" मिस्त्रीचा आवाज चढला आणि मग एकदम फुटला. "झटका आला त्या दिवशी तू स्वयंपाकघरात पडलीस तेव्हा मी इथे पलीकडे पेपर वाचत होतो. आवाज आला. मला वाटलं, भांडं पडलं. मी पान उलटलं गं. उठलो नाही."

हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. टेलरबाईने डावा हात लांब करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. मग तिने मान वळवून कोपऱ्याकडे बघितलं. तिथे छताला लोखंडी कांब होती आणि तिच्यावर फुलाफुलांचा जाड पडदा. गिऱ्हाइकांना कपडे घालून बघता यावेत म्हणून मिस्त्रीनेच ती कांब ठोकून दिली होती.

"आत बाई गेली... की मी काय करते?"

मिस्त्रीला ते ठाऊक होतं. गिऱ्हाईक पडद्याआड गेलं, की टेलरबाई पडद्याकडे पाठ करून उभी राहायची. पडदा पूर्ण ओढलेला असला तरी. यावरून त्याने तिची पुष्कळ टर उडवली होती. मध्ये एवढा जाड पडदा आहे, मग पाठ कशाला करतेस, पडद्याला लाज वाटते का?

"पाठ करतेस," तो म्हणाला.

"माझ्याकडे... कोणीच पाठ केली नाही." शब्द जुळवायला तिला वेळ लागत होता आणि तो आज मध्ये तोंड घालत नव्हता. "डॉक्टर. नर्स. तुम्ही. कोणीतरी डोळे... मिटायला हवे होते. म्हणून मी... माझेच मिटत होते."

इतके महिने साबणाचा फेस मिस्त्री तिच्या कपाळावरून किती जपून काढायचा. स्वतःवर खूश होऊन काढायचा.

आणि मग त्याला ती पूर्वीची अंघोळ आठवली. मुलगी लहान होती तेव्हा घरात सतत "आई, माझं हे कुठंय, आई, माझं ते कुठंय" चालायचं. त्यात गिऱ्हाइकांची ये-जा आणि त्याची स्वतःची हाकाटी. टेलरबाई बाथरूमचं दार लावून घ्यायची ती लावूनच बसायची. आत पाणी वाजायचं, गुणगुणणं ऐकू यायचं, मग पाणीही थांबायचं आणि तरी ती बाहेर यायची नाही. मिस्त्री दारावर थापा मारायचा. "झोपलीस का आत? किती वेळ?" दिवसभरात तेवढं एकच दार तिचं होतं, आणि तेच त्याने इतक्या कौतुकाने, कडी काढून, सगळ्या गल्लीला उघडून दाखवलं होतं.

"दाखवणं... बंद," ती म्हणाली. "मी कुठे बसते, काय धरते... दूधवाल्याला कशाला?"

"बंद," मिस्त्री म्हणाला. "आजपासून."

दुसऱ्या दिवशी टेलरबाई गळ्यात टेप अडकवून त्या आसनावर बसली, अंगभर कपड्यांनिशी, आणि मिस्त्री हातात पेन्सिल घेऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर. ती डावा हात सहज जाईल तिथे न्यायची आणि तो तिथे फुली मारायचा. एकदा त्याच्या तोंडून निघालंच, "जरा वर घेतला तर फरशीच्या रेघेला जुळेल, बरं दिसेल." तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने फुली खालीच मारली. आसनही दोन बोटं खाली घ्यायचं ठरलं, कारण तिचे पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते आणि हे त्याच्या लांब तंगड्यांना कधी कळणारच नव्हतं.

शॉवर आणि नळ दुसऱ्या भिंतीवर गेले, तिथे नवा दांडाही बसला. जुनी भोकं त्याने बुजवली, पण ती दिसायची ती दिसायचीच. उजवीकडचा दांडा तो काढायला गेला तेव्हा तिने हाताने थांबवलं.

"राहू द्या. हा हात... परत आला, तर लागेल."

मिस्त्रीने स्क्रू पुन्हा आवळला. जरुरीपेक्षा जास्तच आवळला.

कडीच्या बाबतीत तर तिने त्याला पार नाचवलं. बारीक दांडीची नको, ती चिमटीत धरावी लागते. तळहाताच्या कडेने सरकवता येईल अशी हवी. उंच नको. आणि कडी लावताना काठी कुठे ठेवायची? हात एकच आहे. मिस्त्रीने कडीशेजारी काठी अडकवायला खुंटी ठोकली, आणि दारापासून आसनापर्यंत धरत जायला भिंतीवर आणखी एक दांडा. मग हातातलं ड्रिल खाली ठेवून तो म्हणाला, "एक गोष्ट लपवत नाही. या कडीला बाहेरच्या बाजूने एक चकती आहे. तिच्या खाचेत नाणं घालून फिरवलं की दार उघडतं."

टेलरबाईने विचार केला. "मी हाक मारली... तर उघडा."

"आणि हाक मारता आली नाही तर?"

हे तिलाही पटलं. "मग तुम्ही विचारा. मी उत्तर नाही दिलं... तर उघडा. पण एकदा विचारा. सारखं... सारखं नको."

"एकदाच," मिस्त्री म्हणाला आणि कानाला हात लावला.

फरशीच्या फटींत भरलेलं ग्राउट वाळायला एक दिवस गेला. त्यानंतरच्या सकाळी टेलरबाईने खांद्यावर टॉवेल टाकला, काठी टेकत आत गेली आणि दार ओढून घेतलं. काठी खुंटीला अडकल्याचा आवाज आला. मग कडी सरकली. ती स्वतःच्या हाताने बसवलेली असूनही मिस्त्री दचकला.

बाहेर स्टूल टाकून तो दाराकडे तोंड करून बसला. मुठीत नाणं. ते घामाने ओलं झालं होतं. आत आसन खाली पडलं. कपडे. मग पाणी. पाणी किती गरम लावलंय कोण जाणे, असं त्याच्या मनात आलं आणि ते त्याने गिळलं. पाणी चालू, बंद, परत चालू. आणि मग धप्प.

मिस्त्री उठला कधी आणि नाणं खाचेत घातलं कधी, त्याचं त्यालाच कळलं नाही. भांडं पडलं, असं या वेळी त्याला वाटलं नाही. "काय झालं?" त्याने विचारलं. एकदाच. आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता. नाणं खाचेत खडखड वाजत होतं. तिला शब्द शोधायला वेळ लागतो. तिला वेळ लागतो, तो स्वतःला सांगत होता. बोटं मात्र चकती फिरवायला लागली होती.

"बाटली," आतून आवाज आला. "शांपूची." थोडं थांबून, "नाणं... काढा."

त्याने नाणं काढलं. तो स्टुलाशी आला. बसण्याआधी त्याने स्टूल उचललं, फिरवलं, आणि दाराकडे पाठ करून बसला. मध्ये दार होतं, कडी होती, तरीही.

आत गुणगुणणं सुरू झालं. शब्द नव्हते आणि सूर सगळीकडे भरकटत होता, चादरीवरच्या त्या कात्रीसारखा. पण मिस्त्रीने ओळखलं. झटक्यानंतर आज पहिल्यांदा ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. शेजारी आला होता, बरोबर कोणी पाहुणा. "मिस्त्री, यांना तुमचं ते बाथरूम बघायचंय. दोन मिनिटं."

"आत माणूस आहे," मिस्त्री म्हणाला.

"मग थांबतो की जरा."

"थांबू नका. ते दाखवायचं नाही आता. ते तिचं आहे." शेजारी आ वासून बघत राहिला आणि मिस्त्रीने दार लावून घेतलं. तो परत येऊन तसाच, पाठ करून बसला.

आतलं पाणी थांबलं. टॉवेलची हालचाल नाही, काठीचा आवाज नाही, काही नाही. ती नुसतीच बसली होती. पूर्वीसारखी. मिस्त्री आपल्या रिकाम्या तळहातांकडे बघत राहिला. नाणं कुठे ठेवलं तेही त्याला आठवेना.

"अहो," आतून हाक आली.

"ओ."

"आहात ना?"

"आहे."

"मला... वेळ लागेल."

"लागू दे," मिस्त्री म्हणाला.